एकेचाळिसावी शाई

ताईच्या पेनात अजून शाई होती.

हे भिंगरीला कळलं तेव्हा ताईला जाऊन दहा महिने झाले होते. तोवर ताईच्या टेबलाचा वरचा कप्पा घरात कुणी उघडला नव्हता. आई टेबलावरची धूळ रोज पुसायची, पण कप्प्याच्या मुठीपाशी आलं की फडकं असं वळवायची, जणू मूठ तापलेली आहे. बाबा त्या खोलीत बल्ब बदलायला गेले तरी पाहुण्यासारखे अंग चोरून जायचे. शेवटी एका रविवारी सकाळी आईच म्हणाली, "चल गं, उघडू या. तू आहेस ना बरोबर?" आणि दोघींनी मिळून तो कप्पा ओढला.

आत सगळं जागच्या जागी. औषधाच्या रिकाम्या चिमुकल्या बाटल्या धुऊन त्यांत भरलेल्या चाळीस शाया, चार रांगांत दहा-दहा, शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. आणि पेन. काळपट हिरवं, चांगलं जाडजूड, टोपणाच्या शेंड्यावर दातांच्या खुणा असलेलं. ताई विचार करताना टोपण चावायची. आई ओरडायची, "अगं, उंदीर आहेस का?" आणि ताई पुढचे दोन दात बाहेर काढून दाखवायची.

भिंगरीने पेन उचलून उजेडात धरलं. पेनाच्या पोटाला एक बारीकशी पारदर्शक खिडकी होती. तिच्यामागे काहीतरी काळंभोर, आळसावल्यासारखं, एका बाजूला कललं.

"आई, शाई आहे यात."

आई खुर्चीवर बसलीच.

आता ही शाईची भानगड काय होती, ते आधी सांगायला हवं. ताईचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भिंगरी बारा. धावायचं नाही, जिने चढायचे नाहीत, गर्दीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी एकेक करून सगळं बंद केलं. तेव्हा बाबांनी हे पेन आणून दिलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर वर-खाली करणाऱ्या माणसाला बसून करायच्या गोष्टी फारशा सुचत नाहीत, पण ही सुचली. ताईने पेन हातात घेतलं आणि तिला शायांचं वेडच लागलं. साधंसुधं नाही, पद्धतशीर वेड.

प्रत्येक शाईचं एक कार्ड. कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर. वर कापसाच्या काडीचा एक जाड फटकारा. खाली एक वाक्य, कायम तेच: "भिंगरे, माझ्या कप्प्याला हात लावलास तर बघ." त्यात काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षर, गोल वळणं असं सगळं येतं म्हणून तेच वाक्य योग्य, असं ताईचं म्हणणं. चाळीस कार्डांवर चाळीस रंगांत भिंगरीला दिलेला दम! मग बरोबर एक दिवस थांबून फटकाऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि शाई टिकते की पळते ते बघायचं. सगळ्यात शेवटी नाव. बाटलीवरचं छापील नाव नव्हे, आपलं स्वतःचं. सात नंबरची राखाडी होती "बाबांचं बनियन". बारा नंबरची तांबूस तपकिरी "आईचा राग, उकळी फुटायच्या आधी". एकतीस नंबरची जांभळी-हिरवट "भिंगरीचा गुडघा, पडल्यापासून तिसरा दिवस".

भिंगरी हे नावही ताईनेच ठेवलेलं. पोरगी एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. पण शाईसाठी ती तासन् तास बसायची, कारण त्या दोघींचा एक खेळ होता. एकीने गुपचूप पेन भरायचं. दुसरीने एक ओळ लिहायची, कार्ड खिडकीत न्यायचं आणि शाई ओळखायची. दिव्याच्या उजेडात बघणं म्हणजे फसवणूक. तीन संधी. आणि पेन भरणारीने स्वतःच्या तोंडाने "बरोबर" म्हटल्याशिवाय ओळखलेलं धरायचं नाही. हरेल तिने पेन धुवायचं. भिंगरीच्या बोटांना त्या दोन वर्षांत कधी माणसाचा रंग म्हणून दिसला नाही.

पहिलंच कार्ड भिंगरीच्या शाळेच्या शाईचं होतं. साधी निळी. शाळेत सगळ्यांनी तीच वापरायची असा नियम, म्हणून प्रत्येक दप्तरात तिची बाटली आणि प्रत्येक दप्तराच्या तळाला तिचा डाग. ताईने तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर फटकारा जागच्या जागी गायब! नुसता ओला कागद.

"ही शाई नाही गं, ही अफवा आहे," ताई म्हणाली आणि नावाच्या जागी लिहिलं, "शेंबडी निळी". वर भिंगरीकडे बघून, "मेले तरी ही माझ्या पेनात भरणार नाही."

तेव्हा दोघी हसल्या होत्या. अशी वाक्यं माणूस दिवसातून दहादा बोलतो.

आणि शेवटची सकाळ. भिंगरीची चाचणी होती. दप्तर उघडलं तर शाईच्या बाटलीचं झाकण सैल, विज्ञानाच्या वहीच्या निम्म्या पानांचा निळा चिखल. भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. "तूच! दिवसभर पडून असतेस आणि माझ्या दप्तराशी खेळत बसतेस!" ताई अंथरुणातून म्हणाली, "मी? तुझ्या शेंबड्या निळीला? वेड लागलंय का मला?" यावर भिंगरी जे बोलली, ते तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुझं बरं आहे. आजारी असलं की सगळं माफ."

ताईने उशीखालून पेन काढून हलवून दाखवलं. "बरं, रुसू नकोस. ही बघ, एकेचाळिसावी भरलीये. तीन संधी. ओळखलीस तर पेन तुझं."

"कायमचं?"

"कायमचं."

"नको मला तुझं पेन," भिंगरी म्हणाली आणि दार आपटून शाळेत गेली. संध्याकाळी घरी आली तर कुलूप. शेजाऱ्यांकडे चावी आणि निरोप. ताईला दवाखान्यात नेलं होतं. तिथून ती अकरा दिवसांनी गेली. घरी आलीच नाही.

पेन मग आईनेच कधीतरी उशीखालून काढून कप्प्यात ठेवलं असणार. चाळीस बाटल्यांच्या शेजारी एकेचाळिसावी बाटली नव्हती. गठ्ठ्याच्या तळाला एक कोरं कार्ड मात्र होतं. कोपऱ्यात पेन्सिलीने ४१. बाकी काही नाही.

"घे तुला," आई पेनाकडे बघत म्हणाली. "तिला आवडलं असतं."

"असं नाही घेता येत," भिंगरी म्हणाली. "ओळखली तरच माझं."

आईने वाद घातला नाही. त्या घरात खेळाचे नियम कुणी मोडत नसे.

भिंगरीने एका कागदावर ओळ लिहिली. निब आधी खरडली, अडली, मग एकदम रंग आला आणि भिंगरीला घामच फुटला. असा रंग तिने पाहिलाच नव्हता. काळ्याच्या अगदी दाराशी उभा असलेला निळा. ओळ वाळली तशी तिच्या कडांवर तांबूस-सोनेरी चमक आली, पितळेसारखी. तिने कागद खिडकीत नेला आणि चाळीसच्या चाळीस कार्डं शेजारी लावून बघितली. एकही जुळेना. ताईने शेवटची शाई अशी भारी, अशी गूढ निवडली होती! भिंगरीच्या अंगावर काटा आला. अभिमान वाटला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि नाक कुठल्या कारणाने गळतंय हे तिला कळेना.

आई खांद्यावरून वाकून बघत होती. आई रफू करते. फाटलेल्या कोटाला असा दोरा भरते की कोटाच्या मालकालाही भोक सापडू नये. एकेका कपड्यासाठी सहा-सहा रिळं खिडकीत नेऊन बघणारी बाई, रंगातलं तिला कळतं.

"मी कपडा हातात घेतला की आधी विचारते," आई म्हणाली. "कुठे वापरला, किती धुतला, किती वर्षं पेटीत होता. मग रंगाकडे बघते."

"आई, हा कपडा नाहीये."

"बरं बाई. मला काय कळतंय."

सोमवारी शाळा सुटल्यावर भिंगरी तडक पेनवाल्या मावशीकडे गेली. मावशी कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्या शाळेची होती. जिन्याखालचं दुकान, एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. एवढ्याशा जागेत काचेचं टेबल, उघडून ठेवलेली पेनं, पेन धुवायचे रबरी फुगे, जुने टूथब्रश, टीपकागदाची चळत आणि मागच्या फळीवर शायांच्या बाटल्या. मावशी एका डोळ्याला भिंग लावून बसलेली. ती भिंग न काढता माणसाकडे बघायची, त्यामुळे समोरच्याला आपण फार मोठे आणि फार चुकीचे आहोत असं वाटायचं.

"या वकिलीणबाई," मावशी म्हणाली. वाद घालणाऱ्या मुलींना ती सरसकट वकील करायची. "बऱ्याच दिवसांनी. तुमच्या घरचं ते नखरेल गिऱ्हाईक..." आणि मग तिने भिंग काढलंच. "कळलं होतं मला. बस."

भिंगरी बसली नाही. तिने ओळीचा कागद पुढे केला. पेन तिने घरीच ठेवलं होतं. ते रस्त्यावर न्यायला तिचं मन घेईना. "ही ताईची शाई आहे. एकेचाळिसावी. मला ओळखायचीये. तुमच्याकडून नेली होती का?"

"माझ्याकडून चाळीसपर्यंत. चाळिसावी शेवाळी हिरवी, तुझे बाबा घेऊन गेले होते. ही माझी नाही वाटत." मावशीने कागद उजेडाकडे धरला. "काळ्याकडे झुकलीये. चमक पण आहे. दुसऱ्या कुठून आणली असेल?"

"ती तर घराबाहेर पडतच नव्हती."

"मग बघ बाई. फळी तुझीच आहे. सांडलीस तर पुसायचं."

तीन संध्याकाळी भिंगरी त्या फळीशी लढली. सोमवारी तिने निळी-काळी घेतली, जी मोठ्या साहेबांच्या सह्यांना वापरतात. कापसाची काडी, फटकारा, ओळ, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन मावळत्या उजेडात बघायचं. जवळ आली, पण तांबूस चमक नाही. तरी भिंगरीने धीर करून मोठ्याने म्हटलं, "ही." एक संधी गेली. कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या, तर एक होती मांजर आणि दुसरी मांजराची सावली.

मंगळवारी गडद जांभळी, ती भिंगरीने मनातच बाद केली. बुधवारी वेगळीच एक, जवळजवळ काळी, वाळल्यावर सोनेरी झाक मारणारी. ती लावली आणि भिंगरी पायरीवरूनच ओरडली, "मावशी! हीच! हीच आहे!" किल्ल्या करणाऱ्याच्या हातातून किल्ली पडली. मावशी बाहेर आली, दोन्ही कागद बघितले आणि भिंग पुसत उभी राहिली.

"म्हणा ना बरोबर."

"मी कोण बरोबर म्हणणारी? पेन काय मी भरलं होतं?"

आतापर्यंत हे भिंगरीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ओळखली तरी बरोबर म्हणणार कोण? खेळातला अर्धा खेळ तर निघून गेला होता.

घरी जाऊन तिने कागद ओला करून बघितला. सोनेरीवाली शाई पाण्याखाली ठाम बसून राहिली. ताईची ओळ मात्र भराभरा विरघळली, कागदावर नुसता निळसर ढग उरला. दुसरी संधीही गेली.

गुरुवारी पेन लिहीनासं झालं. झटकलं, निब ओल्या बोटाने पुसली, फुंकर मारली. कोरडा ओरखडा, बस. तेव्हा मात्र भिंगरीचा धीर सुटला. पेन रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून ती दुकानात आली, जणू पंख मोडलेलं पाखरू आणलंय.

मावशीने टोपण काढलं, भिंग लावलं. निबेच्या फटीत आणि खालच्या काळ्या जिभेवर शाईची पोपडी जमली होती. "हे भरलं कधी?"

"ताईने. तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे?"

"दहा महिने झाले. अकरावा चालू आहे."

मावशीने पेन हळूच टीपकागदावर ठेवलं. "आणि तू मला कागदावरची ओळ दाखवलीस, ती याच्यातून आता लिहिलेली?"

"हो."

"अगं पोरी." मावशीच्या आवाजातली वकिली सगळी उतरली. "मला वाटलं, तिच्या हातची जुनी ओळ आहे. दहा महिने पेनात पडलेली शाई ही! टोपण कितीही घट्ट लाव, पाणी थोडंथोडं उडतच राहतं. रंग तेवढा मागे राहतो, घट्ट होत जातो, काळा पडतो. ती चमक पण त्याचीच. तू जो रंग शोधतेयस, तो कुठल्या बाटलीत नाहीये. तो या पेनात तयार झालाय. बसून बसून."

भिंगरी बघतच राहिली. चार दिवस ती जिच्यामागे धावली ती ताईची शाई नव्हतीच. ते दहा महिने होते. न उघडलेला कप्पा होता.

"मग खरा रंग?"

"पाण्यात सोडली की दिसेल. धुताना. पण एकदाच दिसेल, आणि मग गेली ती गेली." मावशीने निबेवरून नख फिरवलं. "नाही धुतलंस तर अजून महिन्याभरात दगड होईल आत. मग शाई पण नाही आणि पेन पण नाही."

"मी विचार करते," भिंगरी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असेल.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, "भिंगरी बंद पडली की काय? तेल घालू का?" रोज लिफ्टला घालतात तसं. कुणी हसलं नाही, तेव्हा बाबांनी मान खाली घातली आणि पानातलं सगळं घाईघाईने संपवलं. भिंगरीने मग तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. पेनाचं, घट्ट झालेल्या शाईचं, तीन संधींचं. शेवटी, कसं कोण जाणे, तेही सांगून टाकलं, आजारी असलं की सगळं माफ.

बाबा उठून खिडकीशी गेले. आई मात्र जागची हलली नाही.

"तिने मला सांगितलं होतं ते," आई म्हणाली.

"काय?"

"दवाखान्यात. हसत होती. म्हणाली, भिंगरी आता मला घाबरत नाही, तोडीस तोड बोलते, बरं झालं." आईने भिंगरीच्या ताटातला गार झालेला घास बाजूला केला. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

रविवारी सकाळी मावशीने दुकानाचं दार पूर्ण उघडलं, म्हणजे ऊन थेट टेबलावर यावं. पांढरं चिनी मातीचं वाडगं ठेवलं, त्यात कोमट पाणी. पेन खोललं, रबरी फुगा हातात घेतला.

"मी करते," भिंगरी म्हणाली. "हरेल तिने धुवायचं असतं. दोन संधी गेल्या, तिसरी मला सुचत नाहीये. म्हणजे मी हरले."

मावशीने फुगा तिच्या हातात दिला. आई भिंगरीच्या मागे उभी राहिली.

भिंगरीने निब पाण्यात बुडवली आणि फुगा दाबला. आधी काहीच नाही. मग निबेच्या टोकाशी एक काळा दोरा लोंबला. जाडसर, गुंतलेला. तो वाडग्याच्या तळाशी जाऊन बसला आणि तिथे सुटायला लागला. काळ्यातून जांभळा निघाला, जांभळ्यातून गडद निळा. भिंगरीने पुन्हा दाबलं. पुन्हा. पाणी फिरलं, दोरे विरघळले, आणि सगळ्या वाडग्यात हळूहळू एकच रंग पसरला.

साधा निळा.

भिंगरीला खिडकी लागली नाही, कार्ड लागलं नाही. हा रंग ती पाचवीपासून रोज बोटांवर घेऊन घरी येत होती. गणवेशाच्या खिशाला, मधल्या बोटाच्या पेराला, एकदा चक्क कानाच्या पाळीला. दप्तराच्या तळाचा डाग म्हणजे हाच. विज्ञानाच्या वहीतला चिखल म्हणजे हाच.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "ही माझी शेंबडी निळी आहे."

मावशीने वाडग्यात बोट बुडवून टीपकागदावर टेकवलं आणि मान हलवली. "शाळेचीच."

"पण ती म्हणाली होती, मेले तरी..." पुढचं वाक्य भिंगरीने गिळलं.

आई मागून बोलली. अगदी हळू, दोरा ओवताना बोलते तशी. "त्या दिवशीची चादर. दवाखान्यात नेलं त्या दिवशीची. तिच्यावर निळे ठिपके होते, उशीजवळ. मला वाटलं, औषध सांडलं. मी धुऊन टाकली. एका धुण्यात गेले सगळे."

एका धुण्यात जाणारी शाई चाळिसांत एकच होती.

मग भिंगरीला सगळं दिसलं, नको इतकं स्वच्छ. ताई तेव्हा उठून टेबलापर्यंत जाऊ शकत नव्हती. पलंगावरून हात पुरेल एवढ्यावर एकच शाई होती, खुर्चीला लटकवलेल्या दप्तरातली. हात थरथरत पेन भरलं असणार, चादरीवर ठिपके पडले असणार, झाकण घट्ट लावायची ताकद उरली नसणार. आणि वर, मी? तुझ्या शेंबड्या निळीला?

पण एवढंच असतं तरी चाललं असतं. भिंगरीला सोसेना तो पुढचा विचार. ताईला जिंकायचं असतं तर तिने बाबांना पाठवून मावशीच्या फळीवरची सगळ्यात अवघड शाई मागवली असती. तिने भरली ती अशी की भिंगरीने डोळे मिटून ओळखावी. पहिल्या संधीत. दार आपटायच्या ऐवजी एक ओळ लिहिली असती, तर तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, अर्ध्या मिनिटात. पेन द्यायचंच होतं तिला. फक्त तसं सरळ देणं ताईच्या स्वभावात नव्हतं.

"एक नंबर," भिंगरी मोठ्याने म्हणाली. "एकेचाळीस म्हणजे एक नंबरच. ही माझी तिसरी संधी."

शेजारी किल्लीवर कानस घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. अशा वेळी ताई ओरडायची, "चोरटे! बघितलंस ना भरताना?" आणि मग नाइलाजाने, ओठ वाकडे करून, तो शब्द म्हणायची. भिंगरी वाडग्याकडे बघत उभी होती आणि तो शब्द येत नव्हता. येणार नव्हता.

आईने कधी तो खेळ खेळला नव्हता. तिला शायांचे नंबर माहीत नव्हते, नावं माहीत नव्हती. तिने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि परक्या घरात पाणी मागावं तसं संकोचून म्हणाली,

"बरोबर."

मावशीने पेन तीनदा धुतलं, टीपकागदावर उभं करून सुकवलं आणि जोडून दिलं. टोपणावरच्या दातांच्या खुणा घासून काढू का, असं सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "नको." वाडग्यातलं पाणी उरलं. "हे ओतू?"

"थांबा थोडं," भिंगरी म्हणाली.

ऊन टेबलावरून सरकेपर्यंत तिघी बसल्या. मग भिंगरीने स्वतःच वाडगं उचललं, दाराबाहेरच्या मोरीशी नेलं आणि अगदी हळू, काठाकाठाने ओतलं. शेवटी तळाला एक फिकट निळा थेंब राहिला. तिने पाणी घालून तोही घालवला.

घरी येऊन तिने आपल्या दप्तरातली बाटली काढली, ताईच्या टेबलाशी बसली आणि पेन भरलं. ४१ नंबरचं कार्ड समोर घेतलं. कापसाच्या काडीचा फटकारा. खाली वाक्य, तिच्या तिरक्या अक्षरात, एकही शब्द न बदलता: "भिंगरे, माझ्या कप्प्याला हात लावलास तर बघ."

नावाची जागा तिने कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नियमाप्रमाणे, ती पाण्याचा ड्रॉपर घेऊन कार्डाशी आली. फटकारा छान वाळला होता. साधा, निळा, शेंबडा. ड्रॉपरच्या टोकाला थेंब जमून लोंबत होता.

"भिंगरे, शाळेला उशीर होतोय!" आई आतून ओरडली.

भिंगरीने ड्रॉपर बाजूला नेला आणि थेंब जमिनीवर पडू दिला. मग कार्ड रबरबँडमध्ये सगळ्यात खाली सरकवून तिने कप्पा लावून टाकला.